लघुपट आणि दलित जाणीव

दलित साहित्याच्या चळवळीने मराठी समाजापुढे जे प्रश्न ठेवले त्यांतला पहिला प्रश्न होता तो बोलण्याच्या अधिकाराचा. गावकुसाबाहेरच्या माणसाविषयी मराठीत पूर्वीही लिहिले गेले होते. पण लिहिणारा गावकुसाच्या आतला होता. त्याला कळवळा असेल, त्याची भाषा देखणी असेल, तरी तो जे लिहीत होता ते पाहिलेले होते, सोसलेले नव्हते. १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि सोसणारा स्वतः बोलू लागला. त्यानंतर मराठी साहित्याला पूर्वीसारखे राहता आले नाही.

हाच प्रश्न चित्रपटाच्या बाबतीत विचारला गेला, पण तो फार उशिरा. मराठी चित्रपटात दलित माणूस पडद्यावर आला. पडद्यामागे मात्र तो दिवे उचलणारा, रूळ टाकणारा, सेट झाडणारा म्हणूनच राहिला. कॅमेरा कोठे ठेवायचा, कोणाकडे वळवायचा आणि केव्हा थांबवायचा हे ठरवणारा माणूस तो नव्हता. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही परिस्थिती थोडीफार बदलली आणि तो बदल मोठ्या चित्रपटातून आला नाही. तो आला लघुपटातून. हे असे का घडले, या लघुपटांनी काय साधले, त्यांच्यापुढे कोणते धोके आहेत आणि कार्यकर्ते, विद्यार्थी व शिक्षक यांनी त्यांचे काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

(१)

आधी हा उशीर का झाला ते पाहू. कविता लिहायला कागद व पेन्सिल पुरते. पाठकोऱ्या कागदावरही कविता लिहिता येते, आणि आपल्या अनेक कवींनी ती तशी लिहिली आहे. अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली ती चक्रमुद्रणावर आणि मित्रांच्या वर्गणीवर. चित्रपटाचे तसे नव्हते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने कॅमेऱ्यातून धावते, म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म खर्च होते. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. एकदा चुकले तर पुन्हा घ्यायचे, म्हणजे पुन्हा तेवढीच फिल्म जाळायची. त्यावर प्रयोगशाळेत धुलाई, प्रत काढणे, ध्वनीचे मिश्रण, संकलनाचे टेबल. हे सारे भाड्याने आणि रोखीने. तेव्हा चित्रपट काढायचा तर आधी भांडवल लागे, आणि या देशात भांडवलाला जात असते. सावकाराने, वितरकाने वा सरकारी महामंडळाने हो म्हटल्याशिवाय एकही चौकट उजळत नसे.

ही अडचण फक्त आपलीच होती असे नव्हे. अमेरिकेतील काळ्या लेखकांशी दलित साहित्याने जे नाते जोडले ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच काळात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात काही काळे विद्यार्थी आपल्या वस्त्यांवर चित्रपट काढीत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी पोहोचली नाही. चार्ल्स बर्नेट या विद्यार्थ्याने 'किलर ऑफ शीप' हा चित्रपट आपल्या पदवीसाठी म्हणून केला. वॉट्स या वस्तीतील, कत्तलखान्यात काम करणाऱ्या एका माणसाचे घर त्यात आहे. तो शनिवार-रविवारच्या सुटीत, वस्तीतल्याच माणसांना घेऊन, अगदी थोड्या पैशांत काढला गेला. १९७८ साली तो दाखवला गेला, पण त्यातील गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरता न आल्यामुळे चित्रपटगृहात यायला त्याला २००७ साल उजाडावे लागले. चित्रपट तयार होणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचणे या दोन वेगवेगळ्या लढाया आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल कॅमेरा स्वस्त झाला. छायाचित्रे काढण्याच्या साध्या कॅमेऱ्यातही चलच्चित्रे घेण्याची सोय झाली. रीळ गेले, धुलाई गेली, संकलन घरच्या संगणकावर आले, आणि पुढे मोबाइल फोनच कॅमेरा झाला. पाठकोरा कागद चित्रपटालाही मिळाला. तरीसुद्धा पूर्ण लांबीचा चित्रपट अजून आवाक्याबाहेरच होता. नट, प्रवास, जेवण, मुक्काम आणि महिनाभराचा बुडालेला रोजगार यांचा खर्च कॅमेरा स्वस्त झाल्याने कमी होत नाही. दहा, पंधरा, वीस मिनिटांचा लघुपट मात्र चार-आठ दिवसांत, आपल्याच गावात, नातलगांच्या मदतीने उभा राहू शकतो. कादंबरीच्या आधी कथा आणि कथेच्या आधी कविता आली, त्याचेही कारण काहीसे असेच होते. फुरसत आणि पैसा ज्याच्याजवळ नाही तो आधी लहान आकृतिबंध हाती घेतो.

(२)

या संदर्भात पुण्याकडे पाहणे उद्बोधक आहे. पुणे हे जोतीराव फुल्यांचे शहर. १८४८ साली मुलींची शाळा येथे निघाली, १८७३ साली सत्यशोधक समाज येथे स्थापन झाला, १९२९ साली पर्वतीचा सत्याग्रह येथे झाला, १९३२ सालचा करार येथल्याच येरवड्याच्या तुरुंगात झाला. आणि पुणे हेच चित्रपटाचेही शहर. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापुराहून येथे आली. त्याच प्रभातच्या जागेवर १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच शहरात उभे राहिले. देशातील चित्रपटकलेचे शिक्षण आणि तिची स्मृती, दोन्ही एकाच शहरात.

या दोन पुण्यांची गाठ पडली का? अगदीच पडली नाही असे म्हणता येणार नाही. १९३५ साली प्रभातने एकनाथांच्या जीवनावर 'धर्मात्मा' काढला. आधी त्याचे नाव 'महात्मा' होते. सेन्सॉरने ते बदलायला लावले. एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात ही घटना पडद्यावर आणण्याला त्या काळी धैर्य लागत होते, हे मान्य केले पाहिजे. १९५४ साली आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या दुसऱ्याच वर्षी त्याचा गौरव झाला. परंतु या चित्रपटांचा नायक उद्धार करणारा आहे. ज्याच्या घरी एकनाथ जेवतात त्या माणसाच्या मनात तेव्हा काय चालले होते, दुसऱ्या दिवशी गावाने त्याचे काय केले, हे विचारायला कॅमेरा त्याच्या घरात थांबत नाही. तो एकनाथांबरोबर परत फिरतो.

चित्रपट संस्थेच्या भिंतीपासून दांडेकर पुलाजवळची वसाहत पायी चालण्याच्या अंतरावर आहे. काशेवाडी, ताडीवाला रस्ता, येरवडा, पाटील इस्टेट याही वस्त्या याच शहरातल्या. वर्षानुवर्षे या वस्त्यांत कॅमेरे आले ते विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी, 'वातावरण' टिपण्यासाठी. वस्तीतला मुलगा कॅमेरा घेऊन बाहेर पडला तो फार नंतर, आणि बहुधा या भिंतीच्या आत शिकून नव्हे.

(३)

नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा होय. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. पुणे विद्यापीठात मराठी घेऊन ते एम. ए. झाले. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा कवितासंग्रह आहे, म्हणजे ते चित्रपटाकडे आले ते कवितेच्या वाटेने. पुढे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स महाविद्यालयात त्यांनी संज्ञापनाचा अभ्यासक्रम केला आणि तेथला विद्यार्थी म्हणून 'पिस्तुल्या' हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट काढला. २०१० सालासाठीच्या ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, कथाबाह्य विभागात, दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार त्याला मिळाला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयातून हे घडले ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. धनगरांच्या जीवनावर 'ख्वाडा' काढणारे भाऊराव कऱ्हाडे हेही याच महाविद्यालयाचे विद्यार्थी.

'पिस्तुल्या'ची गोष्ट साधी आहे. एका लहान मुलाला शाळेत जावेसे वाटते आणि घरची भूक त्याला चोरीकडे ढकलते. ही गोष्ट एखाद्या पांढरपेशा कथाकाराच्या हाती पडली असती तर 'बिघडलेला मुलगा सुधारतो' अशी बोधकथा झाली असती. येथे तसे होत नाही, कारण ज्या समाजाची ही गोष्ट आहे त्याच्यावर गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने मारला होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माला येणारे मूल जन्मतःच गुन्हेगार ठरू लागले. हजेरी, दाखले, तारेच्या कुंपणातल्या वसाहती हेच त्यांचे जग झाले. स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालच्या ३१ ऑगस्टला हा कायदा रद्द झाला. कागद फाटला तरी पोलिसांच्या आणि गावाच्या डोक्यातला शिक्का राहिला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांनी हे सारे शब्दांत मांडले होते. 'पिस्तुल्या'ने ते पडद्यावर आणले. त्यातल्या मुलाच्या चोरीकडे आपण नीतीच्या प्रश्नासारखे पाहत नाही. शाळेचे दार आणि भाकरी यांतले एकच मिळेल असे या पोराला कोणी सांगितले, असा प्रश्न आपल्याला पडतो.

येथे कोणी शंका घेईल की, भटक्या-विमुक्तांचे जगणे आणि पूर्वास्पृश्यांचे जगणे एका मापाने कसे मोजावे? शंका योग्य आहे. दोघांच्या दुःखाची जात वेगळी आहे. एकाला गावाने वेशीबाहेर ठेवले, दुसऱ्याला वेशीबाहेरही थांबू दिले नाही. तरीही दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दाची जी व्याप्ती सांगितली, तीत अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन आणि स्त्रिया या सर्वांना जागा होती. त्या व्याप्तीत 'पिस्तुल्या' बसतो. मात्र या सगळ्यांना एकाच रंगात रंगवून त्यांचा वेगळेपणा पुसून टाकू नये, एवढी काळजी घेतली पाहिजे.

(४)

मंजुळे यांचाच 'पावसाचा निबंध' हा दुसरा लघुपट. २०१७ सालासाठीच्या ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील दिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला मिळाला. लघुपट म्हणजे काय, तो विचार कसा करतो, हे वर्गात शिकवायचे असेल तर याच्याइतके सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने पावसाळ्यावर निबंध लिहिलेला आहे. त्या निबंधाचा साचा ठरलेला असतो. धरणी हिरवा शालू नेसते, मोर नाचतो, मुले कागदी होड्या सोडतात, आई गरमागरम भजी तळते. हा निबंध लिहिणाऱ्या मुलाचे घर गळत नाही, हे त्या साच्यातच गृहीत धरलेले असते. 'पावसाचा निबंध'मधल्या मुलाला शाळेतून हाच निबंध लिहायला सांगितला आहे, आणि बाहेर तोच पाऊस कोसळतो आहे. घर गळते आहे, बाप दारू पिऊन बाहेर पडला आहे, त्याला घरी आणायचे आहे. वहीवर उतरायचा तो पाऊस घरात उतरला आहे.

या लघुपटात कोणी भाषण करीत नाही. जातीचे नाव घेऊन कोणी शिवी देत नाही. तरी त्यात जे सांगितले आहे ते अभ्यासक्रमाच्या मुळाशी जाते. निसर्गसौंदर्य नावाची गोष्ट सर्वांसाठी सारखीच असते असे आपले सौंदर्यशास्त्र मानत आले. ज्याच्या डोक्यावर कौल शाबूत आहे त्याला पाऊस सुंदर, हे त्या शास्त्राने कधी सांगितले नाही. दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर आपण गेली पन्नास वर्षे पानेच्या पाने लिहिली. हा लघुपट तोच मुद्दा थोड्या मिनिटांत, पावसाच्या आवाजातून, एका चवथी-पाचवीच्या मुलाला समजेल असा मांडतो. निबंध कोरा राहतो. ज्या शिक्षकाला तो कोरा कागद वाचता येत नाही, त्याने आपल्या शिकवण्याचा फेरविचार करावा.

चित्रपट आपला विचार कसा मांडतो याची दोन-तीन साधने येथे सांगून ठेवतो. पहिले साधन म्हणजे कॅमेऱ्याची उंची. लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवला की मोठी माणसे उंच, दारे जड आणि रस्ते लांब दिसू लागतात. दुसरे साधन वेळ. व्यापारी चित्रपट दुःखावर क्षणभर थांबतो आणि गाण्याकडे वळतो. हा लघुपट चिखलातून चालणाऱ्या माणसांबरोबर चालत राहतो. तिसरे साधन आवाज आणि बोली. नटांकडून घोटून घेतलेल्या 'ग्रामीण' उच्चारांऐवजी त्या त्या भागातली माणसे आपल्या बोलीत बोलतात, तेव्हा पुस्तकी मराठीच्या कानाला थोडे कष्ट पडतात. ते पडलेच पाहिजेत. 'पिस्तुल्या'तला सूरज पवार हा मुलगा पुढे 'फँड्री'त आणि 'सैराट'मध्येही दिसला, यावरूनही कळते की नट शोधण्याची ही पद्धत केवळ पैशाच्या अडचणीतून आलेली नाही.

'फँड्री' (२०१३) हा पूर्ण लांबीचा चित्रपट, पण त्याची मुळे लघुपटातच आहेत. डुकरे धरण्याचे काम करणाऱ्या कैकाडी घरातला जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. इतका वेळ अंधारात सुरक्षित बसलेल्या प्रेक्षकाला तो दगड विचारतो की, तू कोणाच्या बाजूने पाहत होतास? लघुपटाच्या शिस्तीत वाढलेल्या दिग्दर्शकालाच असा शेवट सुचतो.

(५)

कथात्म लघुपटाबरोबर माहितीपटाचाही विचार केला पाहिजे, आणि तेथे पुण्याचे काम अधिक आहे. शहराची घाण रोज पहाटे कोण उचलते हा प्रश्न पुण्याला फारसा पडत नाही. अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर 'कचराकोंडी' हा माहितीपट केला. पुढे २०१२ साली गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' हे नाटक पेठे यांनी बसवले तेव्हा त्यात महापालिकेचे हे कामगारच रंगमंचावर उभे राहिले. फुल्यांच्या शहरात, फुल्यांचे नाटक, झाडू हाती घेणारी माणसे करतात. ज्यांच्याकडे कॅमेऱ्याने पाहिले त्यांनी पुढे स्वतः बोलायला सुरुवात केली, असा हा क्रम आहे. तो महत्त्वाचा आहे. शहरात १९९३ सालापासून कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत आहे. वेचक बायांमध्ये मातंग व नवबौद्ध स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांचा दिवस त्यांच्याच हातांतल्या मोबाइलने टिपला जावा, यासाठी आता कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पुण्यापासून जवळच, भीमेच्या काठी कोरेगावचा स्तंभ उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो स्तंभ. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले, आणि पुढे दरवर्षी लोक तेथे जमू लागले. सोमनाथ वाघमारे यांनी या जमणाऱ्या लोकांवर २०१७ साली माहितीपट केला. त्याला महत्त्व आहे ते दोन कारणांनी. एक म्हणजे, त्यात स्तंभाजवळ येणारी सामान्य माणसे आपण येथे का येतो हे स्वतः सांगतात. इतिहासावरचा अधिकार त्यांच्या तोंडून सिद्ध होतो. दुसरे म्हणजे, १ जानेवारी २०१८ रोजी तेथे हिंसाचार झाला आणि त्यानंतर या जागेविषयी जे काही बोलले गेले ते बहुतेक दूरचित्रवाणीच्या भाषेत बोलले गेले. त्याआधीची नोंद आपल्याच माणसाने करून ठेवली होती म्हणून ती उरली. वाघमारे यांनी पुढे 'चैत्यभूमी' (२०२३) केला. ६ डिसेंबरला दादरला लोटणाऱ्या जनसागराला वर्तमानपत्रे वाहतुकीची अडचण म्हणून मोजत आली. त्याच जनसागराकडे आतून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

लांबीने लघुपट नसला तरी आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) येथे टाळता येत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेला हा चित्रपट पुरा व्हायला चौदा वर्षे लागली. त्यात पुण्याच्या कबीर कला मंचाचे तरुण शाहीर आहेत. दिग्दर्शक दलित नाही. पण त्याने चौदा वर्षे वस्तीत जाऊन ऐकले. जन्माने दलित नसलेल्या माणसाने दलितांवर चित्रपट काढू नये असा नियम कोणी करू नये. किती काळ ऐकले आणि कोणाला उत्तर देणे लागते, हा प्रश्न मात्र प्रत्येक दिग्दर्शकाला विचारावा, तो कोणत्याही जातीत जन्मलेला असो.

(६)

आता अस्मितेच्या प्रश्नाकडे वळू. खेड्यातली अस्पृश्यता दाखवणे सोपे असते; शहरातली, कार्यालयातली, कारखान्यातली जात दाखवणे कठीण, कारण ती आडनाव विचारून हळूच पाय मागे घेते. नीरज घायवान यांनी पुण्यात व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले, पुढे ते चित्रपटात आले आणि आपण दलित आहोत हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यांचा 'गीली पुच्ची' (२०२१) हा हिंदी लघुपट एका कारखान्यात घडतो. भारती मंडल ही तेथे यंत्रावर काम करणारी दलित स्त्री. टेबलावरच्या ज्या कामासाठी तिची पात्रता आहे, ते काम प्रिया शर्मा या नव्याने आलेल्या ब्राह्मण मुलीला मिळते. दोघींत मैत्री होते, मैत्रीपलीकडचेही काही निर्माण होते. भारती आपले आडनाव खोटे सांगते. खरे आडनाव कळते तेव्हा समोरच्या प्रेमाचे काय होते ते आपण पाहतो.

बागुलांच्या कथेतला नायक जात चोरतो. सुमारे साठ वर्षांनी पडद्यावरची भारतीही जात चोरते. संविधान आले, आरक्षण आले, शिक्षण आले, तरी नाव सांगताना जीभ अडखळण्याचे थांबले नाही. पण भारती आणि जुन्या नायकात एक फरक आहे. भारती मार खाऊन बाहेर पडत नाही. ती समोरच्यांच्याच चाली ओळखते आणि आपली जागा मिळवते. तिचे वागणे सर्वस्वी निर्मळ नाही. दलित पात्र नेहमी सोशिक आणि सज्जन असावे, ही सवर्ण प्रेक्षकाची अपेक्षा ती पुरी करीत नाही. 'गीली पुच्ची' मोठ्या निर्मितीसंस्थेच्या चित्रपटमालिकेत आला, म्हणून रूढ अर्थाने त्याला 'स्वतंत्र' म्हणता येणार नाही. भांडवल दुसऱ्याचे असूनही दृष्टी आपली ठेवता येते का, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून तो पाहावा.

याच प्रश्नाची दुसरी, उपहासाची बाजू राजेश राजामणी यांच्या 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द सवर्णाज' (२०२०) या लघुपटात आहे. चित्रपट काढणारे तीन पुरोगामी सवर्ण मित्र आपल्या चित्रपटासाठी 'दलित दिसणारा' नट शोधत हिंडतात, एवढीच गोष्ट. दलित कसा दिसतो, या प्रश्नाचे त्यांच्याजवळ ठरलेले उत्तर आहे. तो काळा, खंगलेला, फाटक्या कपड्यांतला आणि दीनवाणा असला पाहिजे. इस्त्रीचे कपडे घालून समोर उभा राहिलेला शिकलेला दलित त्यांना ओळखताच येत नाही. आपल्या चळवळीच्या मित्रांनी हा लघुपट जरूर पाहावा. हसताना कोणी कोणी थोडे अस्वस्थही होतील.

स्त्रियांचा प्रश्न आणखी पुढचा. बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार यांनी आत्मकथने लिहिली तेव्हा दलित पुरुषांच्या लेखनात जे आले नव्हते ते घरातले सत्य बाहेर आले. पडद्यावर अजून ते काम नीट सुरू व्हायचे आहे. पुण्याच्या चित्रपट संस्थेत पटकथालेखन शिकलेल्या ज्योती निशा यांनी २०२० साली 'बहुजन प्रेक्षकत्व' ही संकल्पना मांडली. पडद्यावर आपली विटंबना पाहणारा प्रेक्षक मुकाट्याने पाहत नसतो, तो आपल्या इतिहासाच्या आधारे त्या चित्राला विरोध करीत पाहतो, असा तिचा आशय. पुढे त्यांनी बाबासाहेबांच्या वारशावर माहितीपटही केला. विचार मांडणारी आणि कॅमेरा धरणारी स्त्री एकच असणे ही आपल्याकडची नवी गोष्ट आहे.

(७)

लघुपट तयार झाला. आता तो दाखवायचा कोठे? चित्रपटगृहात त्याला जागा नाही. महोत्सवात जागा आहे, पण तेथला प्रेक्षक ठराविक. तेथे एक सूक्ष्म धोका असतो. दुःखाची वाखाणणी होते, टाळ्या पडतात, आणि दुःख जिथल्या तिथे राहते. काही तरुण मग महोत्सवाला आवडेल असे दुःख शोधू लागतात. दारू पिणारा बाप, रडणारी आई, उपाशी मूल यांचा एक नवा साचा तयार होतो. 'हिरवा शालू'चा साचा मोडायचा आणि त्या जागी 'फाटक्या लुगड्या'चा बसवायचा, यात विद्रोह नाही.

कायद्याचीही अडचण आहे. १९५२ च्या चित्रपट कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागते, मग लांबी कितीही असो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील श्रीमंती आणि दैन्य दाखवणारा सोळा मिनिटांचा लघुपट केला होता. मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून सेन्सॉरशी तंटा झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७० साली न्यायालयाने पूर्वपरीक्षणाची व्यवस्था घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. या देशातील चित्रपट-सेन्सॉरचा हा पायाभूत निकाल एका लघुपटावरून झाला, आणि तोही उपेक्षितांच्या वस्तीवरून. 'गोलपिठा' पुस्तकात छापता आला, पडद्यावर त्याला कात्री लागली. अलीकडे, २०१७ साली, तामिळनाडूत दिव्या भारती यांनी हाताने मैला उपसणाऱ्या कामगारांवर 'कक्कूस' हा माहितीपट काढला. त्याच्या खेळांना पोलिसांनी परवानगी नाकारली, तेव्हा तो इंटरनेटवर टाकण्यात आला आणि अधिकच पाहिला गेला. १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे करूनही जे काम थांबले नाही, त्याचे चित्रण मात्र थांबवावेसे वाटते, हे ध्यानात घ्यावे.

(८)

तेव्हा काम आपल्यावर येते. १९६८ साली अर्जेंटिनात सोलानास आणि गेतीनो यांनी 'अवर ऑफ द फर्नेसेस' हा चित्रपट केला. तो चोरून, कामगारांच्या घरांतून दाखवला जाई आणि मध्येच थांबवून चर्चा केली जाई. आपल्याकडे जलशांची परंपरा याहून जुनी आहे. जलशात गाणे थांबवून प्रश्न विचारला जात असे, उत्तर प्रेक्षकांतून येत असे. लघुपटाचा खेळ त्याच पद्धतीने झाला पाहिजे. विहारात, समाजमंदिरात, वसतिगृहात, शाळेच्या एका वर्गात पांढरी भिंत आणि एक प्रक्षेपक पुरे. पंधरा मिनिटांचा लघुपट आणि पाऊण तासाची चर्चा, हे प्रमाण असावे. चर्चेत चार प्रश्न विचारावेत. यात गोष्ट कोणाची आहे आणि ती कोणाच्या डोळ्यांनी दिसते? कोण बोलतो आणि कोणाला बोलू दिले जात नाही? जात कोठे दिसते आणि कोठे नुसती ऐकू येते? आणि हाच प्रसंग आपल्या वस्तीत चित्रित करायचा तर आपण कॅमेरा कोठे ठेवू? चौथ्या प्रश्नाला एखादी मुलगी उठून उत्तर देऊ लागली की समजावे, पुढचा लघुपट सुरू झाला.

शिक्षकांनी आणखी एक काम अंगावर घ्यावे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. विद्यार्थ्यांनी केलेले, वस्तीत केलेले लहान लहान लघुपट तेथवर पोहोचतीलच असे नाही. ते कोणाच्या तरी जुन्या संगणकात असतात, संगणक बिघडतो आणि लघुपट मरतो. आपल्या अनियतकालिकांचे कितीतरी अंक असेच हरवले. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपल्या विद्यार्थ्यांच्या लघुपटाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात; सोबत वर्ष, गाव, काम करणाऱ्या सर्वांची नावे आणि संवादांची लेखी प्रत ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पुरस्कार मिळत नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी आमचा इतिहास लिहायला बसेल तेव्हा त्याच्या हाती दुसऱ्यांनी काढलेली आमची चित्रे तेवढी राहू नयेत.

कॅमेरा हाती आला म्हणजे मुक्ती आली, असा भ्रम कोणी बाळगू नये. लेखणी हाती आली तेव्हाही मुक्ती आली नव्हती. पण आपल्याविषयी खोटे लिहिणाऱ्यांना उत्तर देण्याची सोय झाली. लघुपटाने तीच सोय डोळ्यांसाठी केली आहे. ती वापरायला शिकणे, शिकवणे आणि वस्तीवस्तीत नेणे, एवढे आपल्या हातात आहे.